जीर्ण डिझेल मोटार-इंजिनाचे निदान : झीज आणि बिघाड यांतील भेद

सारांश

जुन्या डिझेल मोटारीचे इंजिन नीट चालेनासे झाले की ‘इंजिन कामाला आले’ असा निर्णय पुष्कळदा कोणतेही मापन न करता दिला जातो. झीज आणि बिघाड या इंजिनाच्या दोन भिन्न अवस्था आहेत. त्यांची लक्षणे सारखी दिसत असली तरी उपाय आणि खर्च यांत मोठे अंतर आहे. प्रस्तुत लेखात हा भेद प्राथमिक भौतिकशास्त्राच्या आधारे स्पष्ट केला असून, अल्पखर्चाच्या तपासणीकडून अधिक खर्चाच्या तपासणीकडे जाणारा निदानाचा क्रम मांडण्याचा प्रयत्न केला आहे. उदाहरणादाखल टाटा इंडिका मोटारीचे १४०५ घन सेंटिमीटर क्षमतेचे डिझेल इंजिन घेतले आहे.

बीजशब्द : डिझेल इंजिन, संपीडन, झीज, निदान, धूर, गळती.

१. प्रास्ताविक

टाटा इंडिका ही मोटार डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या मोटारीच्या डिझेल आवृत्तीमुळे मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आणि प्रवासी वाहतुकीचा व्यवसाय करणाऱ्यांच्या आवाक्यात डिझेलवर चालणारी छोटी मोटार आली. अशा मोटारी एका मालकाकडून दुसऱ्याकडे आणि शहरातून तालुक्याच्या गावी जात राहतात. त्यांच्या मालकांची तक्रार बहुधा एकाच साच्याची असते : पिकअप राहिला नाही, सकाळी लवकर सुरू होत नाही, धूर मारते, ऑइल खाते. या चार तक्रारी एकत्र ऐकल्या की गॅरेजमध्ये ‘इंजिन उतरवावे लागेल’ असे उत्तर मिळते.

इंजिन उतरवून पूर्ण काम करणे म्हणजे सिलिंडरांचे बोअरिंग, नवे पिस्टन, नव्या रिंगा, हेडचे काम, बेअरिंगे आणि गॅस्किटे. हा खर्च कित्येकदा जुन्या मोटारीच्या विक्रीमूल्याच्या जवळपास जातो. ज्याचा चरितार्थ त्या मोटारीवर आहे, त्याला या काळात उत्पन्नही मिळत नाही. म्हणून निदानातील चूक ही केवळ तांत्रिक चूक राहत नाही. ही चूक दोन प्रकारची असते. नोझल किंवा इंधनाच्या नळीतील दोषापायी सुस्थितीतील इंजिन उघडले जाते, हा पहिला प्रकार होय. खरोखर झिजलेल्या इंजिनावर नवी नोझले बसवून, पंप दुरुस्त करून पैसा वाया घालवला जातो, हा दुसरा. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे लक्षणालाच कारण समजणे.

आयुर्वेदाने रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. रोग्याला कोणत्या उपचाराने बरे वाटते हे पाहून रोग ओळखणे म्हणजे उपशय. यंत्राच्या बाबतीतही लक्षण, कारण आणि प्रयोगाने मिळणारा पुरावा यांची अशीच फारकत करावी लागते.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) डिझेल इंजिनात संपीडनाचे कार्य व झिजेचा त्यावर होणारा परिणाम स्पष्ट करणे.
(२) झीज आणि बिघाड यांना वेगळे करणारे निकष मांडणे.
(३) तपासण्यांचा तर्कशुद्ध क्रम व त्यांतील संभाव्य फसगती दाखविणे.

येथील विवेचन प्रामुख्याने यांत्रिक इंधनपंप असलेल्या इंजिनांविषयी आहे. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांचा उल्लेख, जेथे तपासणीची रीत बदलते तेथेच केला आहे.

३. संपीडन : डिझेल इंजिनाचा प्राण

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या म्हणजेच पिस्टन वर येताना हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. इंडिकाच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७९.५ मिलिमीटर आहे. म्हणजे एका सिलिंडरचे धाव-आकारमान सुमारे ३५१ घन सेंटिमीटर होते. संपीडन गुणोत्तर सुमारे २२ धरले, तर दट्ट्या सर्वांत वर असताना हवेसाठी उरणारी जागा ३५१ भागिले २१, म्हणजे अवघी १६.७ घन सेंटिमीटर असते. तीन-साडेतीन चहाचे चमचे भरतील एवढ्या या जागेत सारे ज्वलन सुरू होते.

उष्णतेची देवाणघेवाण न होता हवा दाबली गेली असे मानल्यास, केल्विन मापनातील मूळ तापमानाला संपीडन गुणोत्तराच्या ०.४ व्या घाताने गुणून अंतिम तापमान मिळते. २२ चा ०.४ वा घात सुमारे ३.४४ आहे. २७ अंश सेल्सिअस तापमानाची, म्हणजे ३०० केल्विनची हवा अशा रीतीने सुमारे १०३३ केल्विन, म्हणजे ७६० अंश सेल्सिअसपर्यंत तापेल. हा आदर्श आकडा होय. प्रत्यक्षात सिलिंडरच्या थंड भिंती उष्णता शोषून घेतात आणि काही हवा रिंगांच्या फटींतून निसटते. त्यामुळे खरे तापमान बरेच कमी असते.

येथे काळाचा घटक निर्णायक ठरतो. स्टार्टर इंजिनाला मिनिटाला साधारण २०० फेरे देत असेल, तर अर्ध्या फेऱ्यास, म्हणजे संपीडनाच्या एका धावेस, ०.१५ सेकंद लागतो. तेच इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालू असताना ही धाव ०.०१ सेकंदात पुरी होते. म्हणजे सुरू करताना हवेला निसटण्यास आणि थंड होण्यास पंधरापट अवधी मिळतो. झिजलेले इंजिन सकाळी हट्ट धरते आणि एकदा गरम होऊन वेगात आले की बऱ्यापैकी चालते, याचे कारण या साध्या गणितात आहे. मात्र हेच लक्षण अशक्त बॅटरी, सुस्त स्टार्टर किंवा जळालेले हीटर प्लग यांमुळेही दिसते. बॅटरी अशक्त असेल तर स्टार्टरचा वेग निम्म्यावर येतो व हवेच्या गळतीस दुप्पट अवधी मिळतो. सुदृढ इंजिनही मग जीर्ण भासते.

४. झीज आणि बिघाड : भेदाचे निकष

झीज हळूहळू होते आणि साधारणतः सर्व सिलिंडरांत थोड्याफार फरकाने सारखी होते, कारण सर्व सिलिंडर तीच हवा, तेच ऑइल आणि तेवढेच फेरे वाटून घेतात. बिघाड बहुधा अचानक होतो आणि तो एका जागी असतो : एखादे नोझल, एखादी झडप, दोन सिलिंडरांमधील गॅस्किटचा भाग. यावरून मालकाला विचारावयाचे पहिले दोन प्रश्न निश्चित होतात. तक्रार केव्हा सुरू झाली? ती वर्षभरात वाढत गेली की एका दिवसात आली? ‘परवापर्यंत गाडी चांगली होती’ असे उत्तर मिळाल्यास झिजेची शंका मागे सारावी.

याला अपवाद आहेत. रिंग तुटणे किंवा इंजिन तापून दट्ट्या ओरखडणे ही अचानक घडणारी हानी आहे. उलटपक्षी एअर फिल्टर चोंदणे किंवा नोझलची फवारणी बिघडणे ही हळूहळू होणारी, पण इंजिन न उघडता दूर होणारी तक्रार आहे. म्हणून हा निकष शंकेची दिशा दाखवितो. निर्णयासाठी मापन आवश्यकच असते.

५. धुराचा रंग

धूर हे सर्वांत सहज दिसणारे आणि सर्वांत जास्त चुकीचे वाचले जाणारे लक्षण आहे.

काळा धूर म्हणजे इंधनाच्या प्रमाणात हवा कमी. चोंदलेला एअर फिल्टर, टर्बो असलेल्या गाडीत फाटलेली हवेची नळी, खराब फवारणी करणारे नोझल किंवा जास्त इंधन सोडणारा पंप ही त्याची प्रमुख कारणे होत. केवळ काळ्या धुरावरून इंजिन झिजल्याचे अनुमान काढता येत नाही.

पांढरा धूर दोन प्रकारचा असतो. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर म्हणजे न पेटलेले इंधन. थंड इंजिन, निकामी हीटर प्लग, उशिरा सोडले जाणारे इंधन किंवा कमी संपीडन यांमुळे तो दिसतो. इंजिन गरम झाल्यावरही राहणारा वाफेसारखा धूर आणि त्यासोबत कमी होत जाणारे रेडिएटरचे पाणी हे हेड गॅस्किटकडे बोट दाखविते.

निळसर धूर म्हणजे जळणारे ऑइल. येथे पेट्रोल इंजिनावरील अनुभव जसाच्या तसा लावू नये. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद असताना मोठी निर्वात स्थिती निर्माण होते व झडपांच्या मार्गिकांतून ऑइल आत ओढले जाते. इंडिकासारख्या जुन्या डिझेल इंजिनात हवेच्या मार्गात थ्रॉटलचा अडथळा नसल्याने हे ओढणे क्षीण असते. त्यामुळे भाराखाली सतत दिसणाऱ्या निळसर धुराची शंका प्रथम रिंगांवर, आणि टर्बो असल्यास त्याच्या सीलवर घ्यावी.

प्रदूषण नियंत्रण तपासणीत डिझेल गाडीच्या धुराची अपारदर्शकता मोजली जाते. बी.एस.-४ पूर्वीच्या गाड्यांसाठी ६५ आणि बी.एस.-४ गाड्यांसाठी ५० हार्ट्रिज एकक ही मर्यादा आहे. हा आकडा धुराची घनता सांगतो. कारण सांगत नाही.

६. तपासणीचा क्रम

क्रमाचे तत्त्व सोपे आहे : ज्या तपासणीत काहीही उघडावे लागत नाही ती प्रथम, आणि ज्या कृतीनंतर मागे फिरता येत नाही ती शेवटी.

(अ) हवा, वीज आणि इंधन. बॅटरीचा दाब, स्टार्टरचा वेग, हीटर प्लग, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर आधी पाहावेत. त्यानंतर इंधनाच्या मार्गात हवा शिरते का हे पाहावे, ज्याला कारागीर ‘गाडी एअर घेते’ असे म्हणतात. पंपाच्या अलीकडे काही काळ पारदर्शक नळी जोडल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. रात्रभर उभी राहिल्यावर सुरू न होणारी, हातपंपाने डिझेल भरल्यावर मात्र लगेच सुरू होणारी गाडी ही झिजेची नव्हे, तर ढिल्या जोडाची किंवा चिरलेल्या नळीची साक्ष देते.

(आ) ब्रीदरची परीक्षा. इंजिन गरम करून आयडलवर ठेवावे व ऑइल भरण्याचे झाकण काढावे. किंचित वाफ येणे स्वाभाविक आहे. ठोक्याठोक्याने जोरदार फुत्कार येत असेल, डिपस्टिक वर उचलली जात असेल, तर ज्वलनवायू रिंगांना ओलांडून खाली उतरत आहेत. ही तपासणी फुकट आहे आणि बरेच सांगून जाते. तथापि ब्रीदरची नळी चोंदलेली असल्यास चांगल्या इंजिनातही दाब साठतो, म्हणून ती नळी आधी साफ असावी.

(इ) एकेक सिलिंडर वगळणे. यांत्रिक पंपाच्या इंजिनात आयडलवर एका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल केला की त्या सिलिंडरचे इंधन तुटते. सिलिंडर काम करत असेल तर इंजिनाचा वेग पडतो. वेग पडला नाही तर दोष त्याच सिलिंडरात आहे. मग त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरात बसवून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल दोषी. तो जागीच राहिला तर शंका संपीडनावर, किंवा त्या सिलिंडराला इंधन पोहोचविणाऱ्या नळीवर व पंपाच्या त्या शाखेवर जाते. इंजिनातील ‘टकटक’ही अशीच तपासावी. नट सैल करताच टकटक थांबली एवढ्यावरून नोझलच दोषी ठरत नाही, कारण इंधन तोडल्यावर झिजलेल्या बेअरिंगचा ठोकाही मंदावतो. अदलाबदलीनेच निर्णय होतो.

कॉमन रेल इंजिनात नट सैल करण्याची ही रीत कदापि वापरू नये. तेथील इंधनाचा दाब हजार बारच्या पुढे जातो आणि असा झोत त्वचा भेदून शरीरात शिरतो. त्या इंजिनांत परतीच्या इंधनाचे मापन आणि संगणकीय तपासणी यांचा आधार घ्यावा.

(ई) संपीडन-मापन. येथवर उत्तर न मिळाल्यास हीटर प्लग किंवा नोझलच्या जागी मापक बसवून चारही सिलिंडरांचा दाब मोजावा. पेट्रोल इंजिनाचा मापक या दाबास पुरत नाही, म्हणून डिझेलचाच मापक हवा. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण भरलेली, एअर फिल्टर स्वच्छ आणि इंधन बंद असावे. निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादा प्रमाण मानावी. या प्रकारच्या सुस्थितीतील इंजिनात साधारणतः २५ ते ३० बारच्या आसपास दाब मिळतो. उंचावर हवा विरळ असल्याने महाबळेश्वरसारख्या ठिकाणी तेच इंजिन सपाटीपेक्षा कमी दाब दाखवील, हेही ध्यानात ठेवावे.

७. आकड्यांचे वाचन

पुढील तीन उदाहरणे केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिली आहेत. आकडे बारमध्ये, सिलिंडर १ ते ४ या क्रमाने आहेत.

पहिले इंजिन : २०, १९, २०, १९. चारही आकडे खाली, पण परस्परांत मेळ आहे. ही झीज होय. मात्र चारही आकडे सारखेच कमी असतील तर टायमिंग बेल्टचा दात सरकला आहे काय, हे आधी पाहावे. झडपा अवेळी उघडल्या तरी हेच चित्र दिसते.

दुसरे इंजिन : २८, २८, १६, २७. एकच सिलिंडर ढासळलेला आहे. झडप, टॅपेटचे अंतर किंवा त्या एका सिलिंडराची रिंग यांपैकी दोष असावा.

तिसरे इंजिन : २८, १७, १७, २८. शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली आले आहेत. त्यांच्यामधील गॅस्किट फुटल्याची शक्यता सर्वाधिक. येथे हेड उतरवणे पुरे होते, इंजिन नव्हे.

अंतिम आकड्याइतकाच दाब चढण्याचा वेगही बोलका असतो. पहिल्या धावेत दाब कमी येऊन पुढच्या धावांत हळूहळू चढत गेला, तर रिंगांची गळती समजावी. पहिल्यापासून कमी येऊन तेथेच थबकला, तर झडपेकडे वळावे.

८. ‘ऑइल टाकून पाहण्या’ची फसगत

कमी दाबाच्या सिलिंडरात थोडे ऑइल टाकून पुन्हा मापन करण्याची रीत प्रचलित आहे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर झडपा दोषी, असा तिचा अर्थ लावतात. उपशयाचे हे उत्तम उदाहरण वाटते. परंतु ही रीत पेट्रोल इंजिनासाठी योग्य असली तरी डिझेल इंजिनात ती दिशाभूल करू शकते, आणि त्याचे कारण वर काढलेल्या १६.७ घन सेंटिमीटरांत आहे.

या जागेत ५ मिलिलिटर, म्हणजे एक चहाचा चमचा ऑइल टाकले, तर हवेसाठी ११.७ घन सेंटिमीटर जागा उरते व संपीडन गुणोत्तर २२ वरून ३१ वर जाते. तेवढ्याच क्षमतेच्या पेट्रोल सिलिंडरात गुणोत्तर ९ धरल्यास वरची जागा ४४ घन सेंटिमीटर असते. तेथे चमचाभर ऑइलाने गुणोत्तर ९ वरून १० वर जाते, म्हणजे नगण्य फरक पडतो. सारांश, डिझेल इंजिनात ऑइल टाकल्यावर वाढलेला दाब हा रिंगांची फट बुजल्यामुळे आहे की जागाच आक्रसल्यामुळे, हे सांगता येत नाही. निर्दोष रिंगांचे इंजिनही या परीक्षेत ‘झिजलेले’ ठरू शकते. शिवाय ऑइल जास्त पडल्यास न दाबले जाणाऱ्या द्रवाने कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका आहे.

याहून विश्वसनीय परीक्षा हवेच्या गळतीची होय. दट्ट्या वरच्या टोकाला व दोन्ही झडपा बंद असताना, इंजिन फिरणार नाही अशा बेताने सिलिंडरात कॉम्प्रेसरची हवा सोडावी आणि ती कोठून निसटते ते ऐकावे. ऑइलच्या झाकणातून फुसकारा आला तर रिंगा, हवेच्या नळीतून आला तर आत घेणारी झडप, सायलेन्सरमधून आला तर बाहेर सोडणारी झडप, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्किट किंवा हेडला गेलेला तडा. बहुतेक गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर असतो. त्यामुळे ही तपासणी लहान गावातही अशक्य नाही.

९. झीज सिद्ध झाल्यावर

झीज सिद्ध झाली म्हणजे इंजिन लगेच उघडावे, असेही नाही. चारही सिलिंडरांचा दाब कमी पण समान असेल, गाडी सुरू होत असेल आणि ऑइलाचा खप आटोक्यात असेल, तर वेळेवर ऑइल बदलून व पातळी पाहत असे इंजिन आणखी काही काळ चालविता येते. एक धोका मात्र दुर्लक्षून चालणार नाही. ब्रीदरमधून येणारे ऑइल मोठ्या प्रमाणात हवेच्या मार्गात गेल्यास डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलावर अनियंत्रित धावू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी हवेचा मार्ग सपाट फळीने बंद करावा, हात पुढे करू नये. एअर फिल्टरच्या नळीत ऑइल साचू लागले, तर दुरुस्ती लांबवू नये.

काम करावयाचे ठरल्यास झिजेचे कारणही शोधले पाहिजे. फाटक्या एअर फिल्टरमधून किंवा सैल नळीतून धूळ आत जात असेल, तर नव्या रिंगाही जुन्यांच्याच वाटेने जातील. त्याचप्रमाणे गरम इंजिनात आयडलवर ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर केवळ रिंगा न बदलता बेअरिंगांची तपासणीही करून घ्यावी.

१०. निष्कर्ष

(१) अवघड प्रारंभ, धूर, कमी शक्ती आणि ऑइलाचा खप ही लक्षणे आहेत. त्यांपैकी एकही लक्षण एकट्याने झीज सिद्ध करत नाही.
(२) झीज बहुधा संथ व सर्व सिलिंडरांत समान असते. बिघाड बहुधा आकस्मिक व स्थानिक असतो.
(३) बॅटरी, फिल्टर, इंधनमार्गातील हवा आणि नोझल यांची शहानिशा झाल्याशिवाय संपीडनाविषयी मत बनवू नये.
(४) ऑइल टाकून संपीडन मोजण्याची रीत डिझेल इंजिनात निर्णायक मानू नये. हवेच्या गळतीची परीक्षा अधिक ग्राह्य आहे.
(५) इंजिन उतरविण्यापूर्वी चारही सिलिंडरांचे आकडे मालकाने लिहून मागावेत. आकडे नसलेले मत हे अनुभवी माणसाचे असले तरी ते मतच होय.

पदवी वर्गात वायूच्या संपीडनाचे सूत्र शिकविताना २२ या गुणोत्तराचे हे उदाहरण घेता येईल. विद्यार्थ्याच्या घरासमोर उभी असलेली जुनी गाडी सकाळी सुरू का होत नाही, याचा विचार त्याला फळ्यावरील सूत्राच्या आधारे करता यावा, ही अपेक्षा अवाजवी ठरणार नाही.